रोपांची राखण कोणी करावी?

भाजीपाल्याचे बी मातीतून वर येते आणि त्याची पहिली दोन पाने उघडतात, तेव्हापासून पुढील दोन-तीन आठवडे हे त्या रोपाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे दिवस असतात. देठ कोवळा असतो, मूळ उथळ असते आणि पानांत गोडसर रस असतो. पाखरांना हे नेमके ठाऊक असते. सायंकाळी हिरवागार दिसलेला मेथीचा वाफा दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत बोडका झालेला परसबाग करणाऱ्या बहुतेक घरांनी पाहिला आहे. अशा वेळी घरात एकच प्रश्न निघतो : राखण कोणी करायची?

आपल्या गावगाड्यात या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. घरातील जे माणूस दुसऱ्या कोणत्याही मोठ्या कामाचे नाही, त्याने. म्हणजे लहान मुलाने, मुलीने, नाहीतर थकलेल्या आजीने. प्रस्तुत लेखात आम्ही दोन गोष्टींचा विचार करणार आहोत. पाखरांपासून रोपे वाचविण्याची रीत कोणती, ही पहिली. आणि ते काम मुलावर सोपविल्याने काय घडत आले, ही दुसरी. आम्ही इतिहास शिकवितो. त्यामुळे वाफ्याच्या कडेला उभे राहूनही आम्हांला मागचे दिसते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

रोपे कोण खाते?

सर्व पाखरांना एकाच दोषात धरणे योग्य नाही. होले आणि पारवे हे दाणे टिपणारे पक्षी होत. पेरलेले बी उघडे राहिले तर ते पहिल्याच दिवशी वेचून नेतात. चिमण्या मेथी, पालक, वाटाणा यांची कोवळी पाने कडेकडेने कुरतडतात. शिवाय वाफ्याची माती कोरडी भुसभुशीत असेल तर तीत धूळस्नान करतात आणि त्या लोळण्याने बारीक रोपे उखडतात. लालबुड्या बुलबुल कोवळे शेंडे, फुले आणि पिकलेले टोमॅटो यांवर येतो. कावळा भुईमूग व मका यांचे नुकतेच वर आलेले कोंब उपटून खालचा दाणा खातो. मोर आणि लांडोर यांची वस्ती जवळ असेल तर एका सकाळीत वाफ्याची दशा होते.

साळुंकीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. ती मुख्यतः मातीतील अळ्या व किडे शोधत असते. त्या शोधात एखादे रोप उपटले जाते. पण ते ती खात नाही, तिथेच टाकून देते. कोतवाल आणि गायबगळा तर रोपाला चोचही लावत नाहीत. ते मुख्यतः किडे खातात. हरभऱ्याच्या शेतात घाटेअळी खाण्यासाठी पक्षी यावेत म्हणून मुद्दाम काठ्या रोवून पक्षीथांबे उभारावेत, असा सल्ला कृषी खाते शेतकऱ्यांना देते, तो याच कारणाने. म्हणून ‘पाखरे हाकला’ असे सरसकट म्हणण्यापूर्वी कोणते पाखरू, कोणत्या वेळी आणि कशासाठी आले आहे, हे पाहिले पाहिजे.

नुकसान कोणाचे, हे ओळखावे

रोप गेले म्हणजे पाखरानेच नेले, असेही नाही. आमच्या शाळेच्या परसबागेत विद्यार्थ्यांना आम्ही प्रथम हीच गोष्ट शिकवितो. पुरावा पाहिल्याशिवाय दोष ठेवू नये, हा नियम इतिहासाच्या तासाला जितका लागू आहे तितकाच वाफ्यालाही लागू आहे.

पाने कडेने फाटलेली, तुकडे तुटलेले, देठ मात्र उभा, आणि हे सारे दिवसाउजेडी घडलेले असेल, तर काम चिमणी किंवा बुलबुल यांचे समजावे. रोप मुळासकट उपटून शेजारी पडलेले असेल, तर साळुंकी वा कावळा. रात्रीतून रोप जमिनीलगत कापून आडवे पडले असेल, तर तिथली माती बोटभर उकरावी. वेटोळे करून बसलेली कातरणारी अळी बहुधा सापडते. पानावर भोके आणि मातीवर वाळलेली चकाकती रेघ दिसली तर ती गोगलगाय होय. देठ सुरीने छाटावा तसा तिरका कापलेला असेल तर ससा आला असावा. माती पायांनी उकरून इतस्ततः फेकलेली असेल तर शेजारची कोंबडी!

सकाळी उजाडल्यावर पहिला तास आणि सायंकाळी मावळतीपूर्वीचा तास, या दोन वेळी वाफ्यापासून दहा-पंधरा पावलांवर शांत बसून पाहिले, तर दोन दिवसांत खरा भागीदार कळतो. विद्यार्थ्यांनी यासाठी एक वही ठेवावी. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, त्याने काय केले, एवढेच लिहावे. ‘मला वाटते’ हा शब्द त्या वहीत नसावा.

कोणते नुकसान भरून येते, हेही माहीत असावे. घेवडा, चवळी, काकडी यांचा वाढीचा शेंडा दोन दलांच्या मधोमध असतो. देठ दलांच्या खाली तुटला की रोप संपले. तिथे नवे बी टोचावे. वाटाण्याची दले मात्र मातीखालीच राहतात. त्यामुळे वरचा कोंब तुटला तरी खालच्या डोळ्यातून दुसरा फुटू शकतो. त्या जागी दहा-बारा दिवस थांबून मग निर्णय घ्यावा.

राखणीचा इतिहास

माळा, गोफण, बुजगावणे आणि रिकामा डबा ही आपल्याकडची राखणीची जुनी साधने. जोंधळ्याची कणसे चिकात आली की माळ्यावर कोणीतरी उभे राहावे लागे. भाजीच्या वाफ्याशेजारी कोणीतरी बसावे लागे. काम अवघड नव्हते, परंतु ते उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. नेमका हाच शाळेचा काळ. ज्यांना स्वतःची जमीन नव्हती, त्यांची मुले दुसऱ्याच्या शेतावर राखणीला जात आणि पसाभर धान्य घेऊन परतत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात शेतकरी वर्ग शाळेपासून दूर का राहतो याची कारणे सांगितली आहेत. एक कारण अत्यंत दारिद्र्य, आणि दुसरे असे की गुरे राखण्यासाठी व शेतावर लक्ष ठेवण्यासाठी त्यांना मुलांची गरज असते. शिक्षणाच्या इतिहासात हे वाक्य फार मोलाचे आहे. बहुजनांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. आवड नव्हती असे नाही. दिवस मोकळा नव्हता.

ही गोष्ट केवळ आपल्या देशातील नव्हे. ज्या इंग्लंडमधून आयोग येत होते, तिथेही शेतमजुरांची मुले पाखरे हाकीत होती. जोसेफ आर्च या मुलाने वयाच्या नवव्या वर्षी कावळे हाकण्याचे काम धरले. दिवस बारा तासांचा आणि मजुरी चार पेन्स. याच आर्च यांनी पुढे १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १८८५ साली ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झाले. १८५० साली जन्मलेले जॉर्ज एडवर्ड्‌स यांनी तर सहाव्या वर्षीच हे काम सुरू केले. त्यांना शाळा मिळाली नाही. लग्नानंतर पत्नीने त्यांना वाचावयास शिकविले. तेही पुढे शेतमजुरांचे पुढारी आणि १९२० साली पार्लमेंटचे सभासद झाले. कावळे हाकण्यापासून पार्लमेंटपर्यंत, अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले आहे. ही दोन नावे आपणांस ठाऊक झाली, कारण ती माणसे त्या शेतातून बाहेर पडली. त्यांच्या शेजारच्या शेतांत डबे वाजविणारी जी मुले तिथेच राहिली, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

इंग्लंडमध्ये १८८० साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. परंतु कायद्याने मूल शाळेत गेले, तरी वाफा शेतातच राहतो आणि पाखरांना कायदा वाचता येत नाही. घराची अडचण सोडविल्याशिवाय हजेरी टिकत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांनी वसतिगृहे काढली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. वसतिगृहात मुलाला जेवण, निवारा आणि पुस्तक मिळते, हे सर्वजण सांगतात. त्याखेरीज त्याला आणखी एक गोष्ट मिळते. राखणीच्या हाकेपासून दूर असलेला अखंड दिवस.

आजही हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. दिवाळीच्या सुटीनंतर काही विद्यार्थी आठ-पंधरा दिवस उशिरा परततात, हा निवासी शाळांतील शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. कोणी कापूस वेचणीसाठी थांबलेला असतो, कोणी धाकट्या भावंडासाठी, कोणी राखणीसाठी. पालकांना दोष देऊन हे थांबत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगारविषयक कायदा चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करतो. घरच्या कामात शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत मदत करण्यास मात्र मुभा देतो. ‘शाळेच्या वेळेनंतर’ हे शब्द पालकांनी नीट लक्षात ठेवावेत. पाखरे शाळेच्या वेळेतच येतात, म्हणून राखणीसाठी मुलाव्यतिरिक्त दुसरी व्यवस्था हवी.

पाखरे मारून काय होते?

काही जण म्हणतील, पाखरेच नाहीशी केली तर? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन दिले आहे. चीनमध्ये १९५८ साली ‘चार उपद्रव’ नष्ट करण्याची मोहीम निघाली. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या असे ते चार. चिमणी धान्य खाते, म्हणून ती शत्रू ठरली. लोकांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, भांडी आणि थाळ्या वाजवून चिमण्यांना कुठेही बसू दिले नाही. त्या उडून उडून थकून खाली पडल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. चिमणी दाणे खाते हे खरे होते. पण पिलांना ती अळ्या आणि किडे भरविते, हे विसरले गेले होते. किडे वाढले, टोळ वाढले. पक्षीशास्त्रज्ञ झेंग झुओशिन यांनी चिमणीची बाजू मांडली. अखेर १९६० साली यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला. त्या वर्षांत चीनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणे अनेक होती आणि त्यांतील मोठी कारणे राज्यकर्त्यांच्या धोरणांत होती; चिमण्यांचा संहार हे त्यांतील एक.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मोराला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याला मारणे वा पकडणे हा गंभीर गुन्हा आहे. विषारी बी टाकणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. ते बी कोंबडी खाईल, कुत्रे मेलेले पाखरू खाईल, आणि त्याच अंगणात रांगणारे मूलही आहे.

जाळीचा वाफा

मुलाचा दिवस द्यायचा नाही आणि पाखराचा जीव घ्यायचा नाही, अशा दोन अटी घातल्या तर सर्वांत खात्रीचा उपाय एकच राहतो, तो म्हणजे जाळी. त्याची कृती पुढीलप्रमाणे.

गादीवाफा एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच करावा. एक मीटरहून अधिक रुंदी नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. टोमॅटो, वांगी, मिरची यांचे बी आठ-दहा सेंटिमीटर अंतरावरील ओळींत एक-दीड सेंटिमीटर खोल पेरावे. घेवडा, चवळी यांसारखे मोठे बी तीन सेंटिमीटरपर्यंत खोल टोचावे. माती हाताने दाबून वर वाळलेल्या गवताचा किंवा पाचटाचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी घालावे. या थराने ओल टिकते आणि होल्यांना बी दिसत नाही. कोंब दिसू लागताच गवत सायंकाळच्या वेळी काढावे आणि त्याच सायंकाळी जाळी चढवावी. ‘उद्या सकाळी लावू’ म्हटले तर सकाळी पाखरे आपल्याआधी येतात.

बांबूच्या दोन मीटर लांबीच्या पाच कामट्या घ्याव्यात. कामटी वाकवून वाफ्याच्या दोन्ही कडांना वीस-वीस सेंटिमीटर आत खोचली की एक मीटर व्यासाची अर्धवर्तुळाकार कमान तयार होते आणि तिची उंची अर्धा मीटर भरते. दर पाऊण मीटरवर एक कमान, याप्रमाणे तीन मीटरला पाच कमानी लागतात. माथ्यावरून सुतळी बांधून कमानी एकमेकींना जोडाव्यात. जाळी दोन मीटर रुंद व साडेचार मीटर लांब लागते. हा हिशेब गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. अर्धवर्तुळाचा परिघ कशासाठी शिकायचा, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

जाळीचे भोक दीड सेंटिमीटरहून मोठे नसावे. त्यातून चिमणीला शिरता येत नाही. जाळी ताणून बसवावी, हे सर्वांत महत्त्वाचे. सैल जाळीत पाखराचा पाय अडकतो, आणि जमिनीवर लोळणाऱ्या जाळीत धामणीसारखा निरुपद्रवी सापही गुंततो. कडा मातीत पुराव्यात किंवा त्यांवर विटा ठेवाव्यात. पाने जाळीला टेकता कामा नयेत. टेकली तर पाखरू बाहेरूनच टोचते. सकाळ-सायंकाळ एकदा फेरी मारावी. एखादे पाखरू अडकलेच, तर त्याच्यावर फडके टाकून त्याला शांत करावे आणि कात्रीने जाळीचा धागा कापावा. धागा पुन्हा बांधता येतो.

मेथी, पालक यांवर जाळी काढणीपर्यंत राहू द्यावी. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे लावणीनंतर दहा-पंधरा दिवस झाकावीत. देठ निबर झाला की चिमणी त्याकडे फिरकत नाही. काकडी, दोडका, भोपळा यांवरील जाळी फुले येण्यापूर्वी काढावीच. फळधारणेसाठी मधमाश्या आत यायला हव्यात. काम झाले की जाळी धुऊन, गुंडाळून सावलीत ठेवावी. उन्हाने धागा कुजतो. सावलीत ठेवलेली जाळी अनेक हंगाम पुरते.

बाकीचे उपाय आणि त्यांच्या मर्यादा

जाळी नसेल तर बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या वाफ्यावर आडव्या पसराव्यात. जुन्या कॅसेटची फीत दोन खुंट्यांमध्ये पीळ देऊन ताणली की वाऱ्याने ती गुणगुणते आणि चकाकते. बुजगावणेही उपयोगी आहे. पण पाखरे फार लवकर शिकतात. एकाच जागी एकाच सदऱ्यात उभ्या असलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कावळा बसतो. म्हणून जागा आणि वेष दर दोन दिवसांनी बदलावा, आणि हे उपाय रोपांच्या धोक्याच्या दिवसांपुरतेच वापरावेत. वर्षभर लावून ठेवले तर त्यांचा धाक राहत नाही.

उन्हाळ्यात पाखरे पुष्कळदा तहानेपोटी रसाळ पाने टोचतात. वाफ्यापासून दूर, झाडाच्या सावलीत मातीच्या परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. वाफ्याची माती ओलसर ठेवावी, म्हणजे चिमण्या तीत लोळणार नाहीत. त्यांच्यासाठी कुंपणाच्या कडेला हातभर कोरडी जागा मोकळी सोडावी. रोपे मोठी झाल्यावर याच पाखरांनी परत यावे आणि कोबीवरच्या, टोमॅटोवरच्या अळ्या वेचाव्यात, अशी आपली अपेक्षा असते. तेव्हा त्यांच्याशी कायमचे वैर करून भागत नाही.

मोकळा झालेला दिवस

वरील जाळीचा वाफा दोन माणसे अर्ध्या दिवसात उभारू शकतात. त्यानंतर सकाळ-सायंकाळची फेरी दहा मिनिटांची. ही फेरी मुलाने घातली तर आम्ही तिला मुळीच हरकत घेणार नाही. उलट मुलाने मातीत हात घालावा, पाखरांची नावे शिकावीत आणि स्वतः पिकविलेली भाजी खावी, असेच आम्हांला वाटते. फरक एवढाच की दहा मिनिटे हे शिक्षण आहे आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत बसणे ही राखण आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक, बँक कर्मचारी म्हणून गावोगावी काम करीत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी कधीतरी मुलाला वाफ्यावरून उठवून शाळेच्या वाटेला लावले आणि स्वतः डबा वाजवीत बसले, म्हणून हे घडले. त्यांनी आपल्या गावी गेल्यावर एखाद्या घरी कमानी रोवण्यास हात लावावा, एखादी जाळी नेऊन द्यावी आणि ती ताणून कशी बसवायची हे दाखवावे. पालकांना आमची विनंती आहे की, येत्या हंगामात बी आणि खत यांच्या यादीत जाळीही लिहावी. आणि सुटी संपते त्या दिवशी मुलाला वेळेवर शाळेत पोहोचवावे. मागे वाफा आहे, त्यावर जाळी आहे. मुलाच्या वाट्याचे काम इथे वर्गात त्याची वाट पाहत आहे.